बंदुकीचा आवाज बांधणारा मॅक्सिम

शिराळा तालुक्यातील एखाद्या तरुणाला सायलेन्सर म्हणजे काय असे विचारले, तर तो मोटारसायकलच्या मागील नळीकडे बोट दाखवील. ही नळी फुटली किंवा कुणी हौसेने काढून टाकली, की त्या वाहनाला एके काळी फटफटी हे नाव का पडले होते ते साऱ्या पेठेला कळून चुकते. रहस्यकथांवर पोसलेल्या आधीच्या पिढीला मात्र हा शब्द ऐकताच काळ्या कोटातील मारेकरी आठवेल, त्याच्या पिस्तुलाच्या तोंडावर बसवलेले नळकांडे आठवेल आणि शेजारच्या खोलीतील माणसालाही न कळता पडलेला मुडदा आठवेल. एकाच शब्दाची ही दोन रूपे. एक कानांना दिलासा देणारे, दुसरे धास्ती घालणारे. या दोन्ही रूपांशी ज्याचे आयुष्य जोडले गेले, तो हायरम पर्सी मॅक्सिम हा अमेरिकन अभियंता स्वभावाने अगदी निरुपद्रवी, विनोदी आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये यासाठी धडपडणारा गृहस्थ होता. त्याने बनवलेल्या वस्तूची ख्याती मात्र त्याच्या हेतूच्या अगदी उलट्या दिशेला गेली.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे झाला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने पोरबंदर येथे मोहनदास गांधी यांचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. लोखंडी नांगर आणि यंत्रे घडवणाऱ्या लक्ष्मणरावांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती १९१० साली, आणि मॅक्सिमचा बंदुकीचा सायलेन्सर नव्या सुधारलेल्या रूपात बाजारात आला तोही १९१० मध्येच. योगायोगापलीकडे यात काही नाही; परंतु यंत्रविद्येने झपाटलेली ती पिढी जगाच्या कोणत्या टोकाला काय घडवीत होती, याची कल्पना त्यावरून येते.

पर्सीची कथा त्याच्या वडिलांना वगळून सांगताच येत नाही. वडिलांचेही नाव हायरम, हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. अमेरिकेच्या मेन राज्यातील सँगरव्हिल या खेड्यात जन्मलेला हा माणूस विजेच्या दिव्यांपासून उंदराच्या सापळ्यापर्यंत वाटेल त्या गोष्टींत डोके घालीत असे. १८८१ साली विजेच्या प्रदर्शनासाठी तो पॅरिसला गेला, तेथून लंडनला पोहोचला आणि तेथेच राहिला. पत्नी आणि तीन मुले अमेरिकेत मागे राहिली. थोरला पर्सी तेव्हा बारा वर्षांचा होता. लंडनमध्ये या पित्याने १८८४ च्या सुमारास जी तोफवजा बंदूक सिद्ध केली, ती मॅक्सिम गन या नावाने जगभर गाजली. गोळी सुटताना बंदूक मागे धक्का देते. तोवर वाया जाणारा तो धक्का वापरून पुढचे काडतूस आपोआप भरायचे, ही तिची युक्ती होती. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्या झाडणारे हे यंत्र आफ्रिकेत, आपल्या वायव्य सरहद्दीवर आणि १९०४ मध्ये तिबेटच्या मोहिमेत ब्रिटिश फौजांनी वापरले. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांच्या माणसांचे ढीग पडले. १९०१ मध्ये मॅक्सिमला सर ही पदवी मिळाली. या बंदुकीच्या असंख्य चाचण्या स्वतः घेता घेता त्याचे कान मात्र गेले. उतारवयात तो जवळजवळ ठार बहिरा झाला होता.

काका हडसन मॅक्सिम हाही स्फोटके आणि धूररहित दारू यांतला नामांकित तज्ज्ञ. अशा घराण्यात वाढलेल्या मुलाने पुढे बंदुकीच्या आवाजाशीच झुंज द्यावी, यात एक विलक्षण न्याय दिसतो. पर्सीने मात्र त्याचा कधी बाऊ केला नाही. बापाने टाकून दिल्याची सल त्याला होतीच. तरीही उतारवयात वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने त्या विक्षिप्त, हट्टी, पोरकट आणि प्रतिभावान माणसाचे जे चित्र रेखाटले, त्यात कडवटपणापेक्षा हसूच अधिक आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी पर्सीने १८८६ साली घेतली. वर्गात तो वयाने सर्वांत लहान होता. विजेच्या कारखान्यांत उमेदवारी करून तो मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे तोफगोळे बनवणाऱ्या कंपनीत लागला. १८९२ साली एका रात्री सायकलवरून घरी परतत असताना पायडल मारण्याऐवजी एखादे छोटे इंजिन हे काम करील तर किती बरे, असे त्याच्या मनात आले. पेट्रोल हा पदार्थ त्या काळी नवखा होता. तोफेच्या रिकाम्या पितळी काडतुसात पेट्रोलचा थेंब टाकून, ते लोळवून, वर पेटती काडी टाकण्याचा प्रयोग त्याने करून पाहिला. जो भडका उडाला त्याने इवल्याशा थेंबात केवढे बळ असते हे त्याला समजले. यातून त्याने तीनचाकी गाडीला जोडलेले इंजिन बनवले. ते पाहून हार्टफर्ड येथील सायकलींचे मोठे कारखानदार पोप यांनी १८९५ मध्ये त्याला आपल्याकडे ओढले, आणि पुढील काही वर्षे तो तेथे विजेच्या व पेट्रोलच्या मोटारी बनवीत राहिला. १८९८ च्या डिसेंबरात मेरिलँडचे माजी गव्हर्नर हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन हिच्याशी त्याचा विवाह झाला.

मोटारींच्या त्या वर्षांत त्याला एका गोष्टीने पुरते हैराण केले. ती म्हणजे इंजिनाचा आवाज. सिलिंडरमधील जळलेला वायू मोठ्या दाबाने एकदम बाहेर पडतो आणि बाहेरच्या हवेवर आदळतो. तो आदळणे म्हणजेच आवाज. मोटारीचा सायलेन्सरही मॅक्सिमनेच शोधला, असे अनेक ठिकाणी छापून येते, ते खरे नव्हे. अमेरिकेतील रीव्ज बंधूंनी १८९७ मध्येच तशा साधनाचे पेटंट घेतलेले होते. परंतु इंजिनाचा धूर आणि बंदुकीचा बार हे एकाच कुळातले, हे पर्सीच्या ध्यानात आले. बंदुकीतही तेच होते. गोळी नळीच्या तोंडातून निसटते तेव्हा तिच्या मागोमाग कोंडलेला तप्त वायू फुटतो. प्रेशर कुकरचे झाकण एकदम उघडले तर जे होईल तेच येथे होते. शिटीवाटे वाफ हळूहळू सोडली तर नुसता फुसकारा ऐकू येतो. वडिलांनी बंदुकीचा वाया जाणारा धक्का कामाला लावला होता. मुलाने त्याच बंदुकीच्या वाया जाणाऱ्या वायूकडे लक्ष वळवले.

अडचण एकच होती. वायू अडवायचा, पण गोळी अडवायची नाही. गोळीला सरळ वाट हवी, आणि जेथून गोळी जाईल तेथून वायूही जाणारच. प्रारंभी गोळी बाहेर पडताच वाट बंद करणाऱ्या झडपेचा विचार त्याने केला. पण इतक्या अल्प काळात उघडझाप करणारी झडप टिकणे कठीण. उत्तर सापडले ते न्हाणीघरात, अशी कथा सांगतात. टबातील पाणी मोरीतून जाताना भोवरा धरते. मध्ये पोकळ वाट राहते आणि पाणी कडेकडेने घुमत, रेंगाळत खाली उतरते. वायूलाही असेच घुमवले तर? मधली वाट गोळीला मोकळी राहील आणि वायू भोवऱ्यात अडकून दमेल, थंड होईल आणि सावकाश बाहेर पडेल. नळकांड्यात एकापुढे एक वळणदार पडदे बसवून त्याने हे साधले. या शोधाचे पेटंट त्याला ३० मार्च १९०९ रोजी मिळाले. हार्टफर्डमध्ये कंपनी उभी राहिली, आणि अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात किंवा टपालाने कुणालाही हे नळकांडे विकत मिळू लागले.

सगळ्या बंदुका त्याने सारख्या मुक्या झाल्या का? मुळीच नाही, आणि पर्सी हे स्वतःच सांगत असे. बंदुकीचा आवाज हा एक आवाज नसून तीन आवाज असतात. पहिला नळीच्या तोंडाशी फुटणाऱ्या वायूचा. यावरच सायलेन्सरचा इलाज चालतो. दुसरा आवाज गोळीचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून वेगाने धावू लागली, की ती जाईल त्या साऱ्या वाटेवर कडाड असा आवाज उठतो. पोतराजाच्या आसुडाचे टोक हवेत कडाडते तेही याच कारणाने. तेथेही टोकाचा वेग ध्वनीच्या पुढे गेलेला असतो. हा आवाज नळीबाहेर, दूरवर होतो, त्यामुळे कोणताही सायलेन्सर त्याला हात लावू शकत नाही. तिसरा आवाज बंदुकीच्या यंत्राचा. घोडा पडणे, खटका सरकणे, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाणे यांची ती खडखड. पहिला आवाज बसला की हे दुसरे दोन आवाज उघडे पडतात.

सैनिकी रायफलीवर लावलेला मॅक्सिमचा सायलेन्सर आणि लहान बोअरच्या बंदुकीवर लावलेला सायलेन्सर यांच्यात जमीनअस्मानाचा फरक पडला तो यामुळेच. सैनिकी रायफलीची गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते. तिचा कडाका कायम राहतो. अमेरिकन सैन्याने या साधनाच्या चाचण्या घेतल्या. त्यात धक्का कमी होणे, तोंडाशी दिसणारी ज्वाळा झाकली जाणे आणि गोळी कोठून आली हे समोरच्याला न कळणे हे फायदे दिसले. पण बंदूक मुकी झाली असे काही म्हणता आले नाही. शिवाय नळीच्या टोकाला जड लोखंड लटकल्याने नेम धरण्यात अडचण येई, आणि गोल नळकांडे बंदुकीच्या माशीच्या आड येई. १९१० च्या नमुन्यात पर्सीने गोळीचे भोक मध्यावर न ठेवता वरच्या बाजूला सरकवले, म्हणजे नळकांड्याचा बहुतेक भाग नळीच्या खाली लोंबू लागला आणि दृष्टिरेषा मोकळी झाली. दिसायला ओबडधोबड, पण उपयोगी अशी ही सुधारणा होती. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्सिमचा सायलेन्सर लावलेली विंचेस्टर रायफल होती.

सायलेन्सरचे खरे गुण दिसले ते पॉइंट टूटू बोअरवर. राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात गेलेल्या आपल्याकडील हजारो विद्यार्थ्यांनी हाताळलेले हे काडतूस. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच बोअरच्या रायफलीवर, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतची २५ मीटरची पिस्तूल स्पर्धाही याच काडतुसावर चालते. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टोपी असते. यात मात्र ठिणगीची दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते आणि घोडा कडेवर पडताच बार होतो. आतली दारू जेमतेम गुंजभर. सैनिकी रायफलीच्या काडतुसात याच्या पंचवीसपट दारू असते. वायूच इतका थोडा, म्हणून त्याला आवरणे सोपे. गोळीही साध्या प्रतीच्या काडतुसात ध्वनीच्या वेगाच्या अलीकडे राहते, आणि पिस्तुलाच्या आखूड नळीतून तर तिचा वेग आणखी कमी भरतो. म्हणजे पहिला आवाज बराचसा बसतो, दुसरा मुळात उठतच नाही, आणि उरते ती यंत्राची खडखड. लांब नळीच्या रायफलीत दारू पुरती जळून वायूचा दाब बराच उतरलेला असतो. त्यामुळे सायलेन्सर नसताना त्याच काडतुसाचा आवाज पिस्तुलात अधिक मोठा, तर रायफलीत लहान असतो. गरज पिस्तुलाला जास्त होती ती अशी.

पिस्तुलापिस्तुलांतही भेद होताच. सहा गोळ्यांच्या फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून काही साधत नाही, कारण चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू बाजूलाच निसटतो. तोंड बांधले तरी बगल उघडी! चित्रपटातील खलनायक रिव्हॉल्व्हरवर सायलेन्सर चढवून मुकाट्याने खून पाडतो, तो म्हणूनच पडद्यावरच शोभतो. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात ही फट नसते. पण गोळी सुटताच मागचा भाग सरकून उघडतो, तेथून थोडा वायू आणि बराच खडखडाट बाहेर येतो. सर्वांत शांत म्हणजे एकबारी पिस्तूल, हाताने भरायचे आणि हाताने उघडायचे.

आकड्यांत बोलायचे तर पॉइंट टूटू पिस्तुलाचा उघडा आवाज नेमबाजाच्या कानाशी १५० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरतो. १४० डेसिबलपुढचा एकच आघातही कानाला कायमची इजा करू शकतो. चांगला सायलेन्सर यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसल्याने ही घट फार मोठी असते, कान वाचवणारी असते; परंतु जे उरते ते नि:शब्द नसते. कुणीतरी जाड पुस्तक जोरात आपटावे तसा आवाज राहतोच.

पर्सीच्या जाहिराती या कान वाचवण्याच्या आणि शेजाऱ्यांना त्रास न देण्याच्याच होत्या. घराच्या अंगणात, तळघरात, नवशिक्या मुलांना शिकवताना नेमबाजी करावी, आणि कुणाची झोपमोड होऊ नये. नवखा नेमबाज आवाजाच्या भीतीने डोळे मिटतो आणि नेम चुकवतो, हे त्याने हेरले होते. लोकांच्या मनाने मात्र भलतेच चित्र रंगवले. नि:शब्द बंदूक म्हणजे खुन्यांचे साधन, असा गहजब वर्तमानपत्रांत सुरू झाला. १९०९ सालीच मेन राज्याने अशा साधनाच्या वापरावर बंदी आणली. मॅक्सिम घराण्याचे मूळ गाव याच राज्यात होते! इतर राज्येही पाठोपाठ आली. सायलेन्सर लावून गुन्हे खरोखर किती घडले याचा फारसा विचार कुणी केला नाही. धास्तीला पुराव्याची गरज नसते. अखेर १९३४ मध्ये अमेरिकेने सायलेन्सरची सक्तीची नोंदणी आणि दोनशे डॉलरचा कर लागू केला. पॉइंट टूटूचे नळकांडे काही डॉलरना मिळत असे, त्यामुळे हा कर म्हणजे बंदीच ठरली. तो आकडा नव्वद वर्षे तसाच राहिला आणि १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणीचे बंधन मात्र कायम आहे. फिनलंड आणि नॉर्वे या देशांत याउलट सायलेन्सर लावून शिकार करणे हा शेजारधर्माचाच भाग मानला जातो.

भारतात कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेले साधन हे बंदुकीच्या व्याख्येतच घातले आहे. म्हणजे नुसते नळकांडे बाळगणे हेही बंदूक बाळगण्यासारखेच. शहरी वाचकाला हे अति वाटेल. शिराळ्याच्या पश्चिमेला वारणेच्या खोऱ्यात, चांदोलीच्या जंगलालगत राहणाऱ्याला ते तसे वाटणार नाही. २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालेल्या या दाट रानात डोळ्यांपेक्षा कानच आधी खबर देतात. रात्री डोंगरात बार झाला तर तो दरीतून घुमत वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचतो, आणि सांबरावर कुणी बंदूक रोखली हे त्या बारानेच कळते. हार्टफर्डच्या अंगणात जो आवाज उपद्रव होता तो येथे पहारेकरी आहे. पर्सीच्या शोधाविषयी दोन टोकांची मते का पडली, याचे एक उत्तर या फरकात आहे.

लोकांची भीती अगदीच निराधार नव्हती हे पर्सीच्या मृत्यूनंतर दिसून आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्याने हाय स्टँडर्ड या कंपनीच्या पॉइंट टूटू पिस्तुलाला कायमचा सायलेन्सर जोडून घेतला. हे पिस्तूल कनेक्टिकट या पर्सीच्याच राज्यात बनत असे. हेरखात्याचे प्रमुख डोनोव्हन यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दालनात वाळूच्या पिशवीवर ते झाडून दाखवले आणि कामात मग्न असलेल्या अध्यक्षांना पत्ताही लागला नाही, अशी आख्यायिका आहे. ब्रिटिशांचे वेलरॉड हे पिस्तूल त्याच काळातले. त्याची काडतुसे मोठी होती, आणि प्रत्येक गोळीमागे खटका हाताने मागे ओढावा लागे; म्हणून यंत्राची खडखड नाही. पण त्यातील रबराच्या चकत्या गोळी आरपार गेल्याने फाटत आणि थोड्याच बारांनंतर पिस्तूल पुन्हा बोलू लागे. अमेरिकन पिस्तूल लागोपाठ झाडता येई, नेमाला चांगले होते आणि अधिक काळ टिके. फक्त त्याचा खडखडाट लपत नसे. मे १९६० मध्ये सोव्हिएत भूमीवर पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ हेच अमेरिकन पिस्तूल सापडले आणि मॉस्कोत ते साऱ्या जगाला दाखवण्यात आले. कोर्टकचेऱ्या आणि कर यांनी सामान्य नेमबाजाकडून काढून घेतलेली वस्तू सरकारांच्या हेरांकडे मात्र खुशाल राहिली.

पर्सीचे मन एव्हाना केव्हाच दुसरीकडे गेले होते. त्याला बिनतारी संदेशाचा छंद जडला होता. १९१४ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्डहून सुमारे तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पाठवण्याचा त्याचा प्रयत्न फसला. त्याचे यंत्र तेवढे सबळ नव्हते. तेव्हा वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातील एका हौशी माणसाने तो संदेश झेलून पुढे धाडला. डाकेच्या जासुदांनी टप्प्याटप्प्याने थैली पोहोचवावी तसेच हे. साऱ्या देशातील हौशी मंडळींनी असे टप्पे जोडले तर? क्लॅरन्स टस्का या तरुण सहकाऱ्यासह त्याने अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. पहिल्या महायुद्धात सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू व्हावीत यासाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालून ज्यांनी लढा दिला त्यांत पर्सी आघाडीवर होता. १९२५ मध्ये पॅरिस येथे हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तिचाही तो पहिला अध्यक्ष. आपल्याकडे २००१ च्या भूजच्या भूकंपात टेलिफोन कोलमडले तेव्हा निरोप पोहोचवणारे हॅम रेडिओवाले त्याच परंपरेतले.

येथेही त्याची झुंज आवाजाशीच होती, हे गमतीचे आहे. लीगच्या मासिकात म्हातारा या अर्थाचे टोपणनाव घेऊन एक लेखक वर्षानुवर्षे तिरकस लेख लिहीत असे. एकाने दुसऱ्याच्या संदेशात घुसणे, विनाकारण बडबड करणे, लहरींवर गोंगाट माजवणे यांवर तो असा काही तुटून पडे, की वाचक हसून लोटपोट होत आणि खजीलही होत. हा म्हातारा कोण, याविषयी पैजा लागत. तो पर्सीच होता. हे उघड झाले ते त्याच्या मृत्यूनंतर.

कारखान्यातही हेच वळण आले. बंदुकीच्या सायलेन्सरची मागणी आटत गेली आणि १९३० च्या सुमारास कंपनीने ते बनवणे थांबवले. त्याच ज्ञानावर तिने जहाजांच्या, कारखान्यांच्या आणि मोठ्या डिझेल इंजिनांच्या धुराड्यांचे सायलेन्सर बनवायला घेतले, आणि धंद्याला खरी बरकत आली ती त्यातून. शहरातील रस्त्याचा गोंगाट अडवून फक्त हवा आत घेणारे, खिडकीत बसवायचे यंत्रही पर्सीने तयार केले होते. शिवाय हौशी चित्रपटकारांची संघटना, ग्रहताऱ्यांवर पुस्तक, मुलांसाठी विमानाचे प्रयोग असे उद्योग चालूच होते. त्याची कन्या पर्सी मॅक्सिम ली ही पुढे अमेरिकेतील महिला मतदार संघटनेची अध्यक्ष झाली.

फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहण्यासाठी तो पत्नीसह आगगाडीने निघाला. वाटेत आजारी पडल्याने त्याला कोलोरॅडोतील ला हुंटा या लहानशा गावी उतरवून इस्पितळात नेण्यात आले, आणि १७ फेब्रुवारीला तेथेच त्याचा अंत झाला. मेरिलँडमधील हेगर्सटाउन येथे, पत्नीच्या माहेरगावी त्याचे दफन झाले. वडिलांवरचे त्याचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. लिहिता लिहिता त्याने ज्या बापाला क्षमा केली तो बाप वीस वर्षांपूर्वीच लंडनमध्ये निवर्तला होता. पर्सीचे वायरलेसचे संकेतनाम मात्र पुसले गेले नाही. डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हे ते नाव लीगने आपल्या केंद्रासाठी मागून घेतले. हार्टफर्डजवळच्या न्यूइंग्टन येथे १९३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले हे केंद्र आजही नवशिक्यांच्या सरावासाठी कट्ट-कडकट्टचे धडे हवेत सोडीत असते.